पाचरकाकांचं शुक्रवारचं वाक्य

टेबल हलतं का हे पाहिल्याशिवाय हा माणूस कधी खुर्चीवर बसला नाही. घरी जेवायला बोलवा, ऑफिसच्या कँटीनमध्ये गाठा, नाही तर हॅम्बर्गच्या मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाला बघा. आधी दोन्ही तळवे टेबलावर, मग डावीकडून उजवीकडे हलकासा दाब, आणि मग चेहऱ्यावर एक समाधान पसरायचं. "हलतंय." लगेच खिशातून बियरडेकल निघायचं, म्हणजे बियरच्या ग्लासाखाली ठेवतात तो जाड पुठ्ठा. स्वतः थेंबभर बियर पीत नसत, पण कोटाच्या खिशात हे पुठ्ठे कायम. मग खाली वाकणार, पुठ्ठा दुमडून पायाखाली सारणार, वर येऊन पुन्हा टेबल हलवून बघणार आणि म्हणणार, "गेनाऊ." आपल्याकडे 'बरोब्बर' म्हणतात तसं. तोवर यजमानीणबाईंची आमटी गार झालेली असायची.

मंडळातले लोक मागून त्यांना पाचरकाका म्हणत. आता आपल्या लोकांत पाचर मारणारे काही कमी नाहीत, कुणाचं जरा जमत आलं की कुठून तरी येऊन मारतातच. पण दुसऱ्याचं डळमळू नये म्हणून पाचर मारणारा मी हा एकच माणूस पाहिला. त्यांना हे नाव माहीत होतं. मला एकदा म्हणाले, "वाईट नाही ग. पाचर लहान असते, पण दिसत नाही तोवर काम करते."

ऑफिसात ते माझ्या शेजारी बसत. मूळचे पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर. आधी नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली, मग हॅम्बर्गला विमानांच्या सॉफ्टवेअरच्या कामावर आले. मी आले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, एकटे. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणत, "राहून गेलं." कोपऱ्यावरून दूध आणायचं राहून जावं तसं म्हणत. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना काका म्हणून मोकळी झाले आणि त्यांनी मला 'ए' म्हणायला सुरुवात केली. परदेशात अशी नाती फार पटकन होतात, आणि झालेली बरी असतात.

राहून कसं गेलं, ते त्यांनीच एकदा डबा खाता खाता सांगितलं. तरुणपणी ते रीतसर मुली बघायला जात. एका घरी पोहे आले, चहा आला, मुलगी आली, तिने चहाचा ट्रे तिपाईवर ठेवला आणि तिपाई डुगडुगली. झालं! मुलीचे वडील नोकरीची चौकशी करताहेत, आई 'पोहे हिनेच केलेत हो' म्हणतेय, आणि हे उपवर चिरंजीव फरशीवर गुडघे टेकून बसच्या तिकिटाच्या घड्या घालताहेत. तिपाई ठीक झाली. दुसऱ्या दिवशी नकार आला. मुलाचं लक्ष मुलीकडे नव्हतं, असा निरोप होता.

मी पोट धरून हसले. काका डब्याचं झाकण लावत म्हणाले, "लक्ष होतं ग. चहा कडकडीत होता आणि ती तिपाईला लागून उभी होती. साडीवर सांडला असता." मग उठून डबा धुवायला गेले. मला एकदम फार वाईट वाटलं. इतक्या माणसांत त्या मुलीच्या साडीचा विचार एकाने केला होता, आणि नापास तोच झाला होता.

त्यांचा एक सिद्धान्त होता. मराठीत लग्नाला शब्दच शब्द आहेत, म्हणत. बघणं, दाखवणं, पसंती, होकार, याद्या, साखरपुडा. पण त्याच्याही आधी दोन माणसं नुसती समोरासमोर बसतात, जेवतात, हिंडतात, त्याला शब्द सांग. मी म्हटलं, डेट. म्हणाले, तो आपला नाही. मी जरा विचार करून म्हटलं, लफडं. "बघ," ते म्हणाले, "एक सापडला, तर तोही बदनाम."

हे शब्दांचं वेड त्यांना कुठून लागलं, तर एका खानावळीतून. बंदराजवळच्या एका गल्लीत अगदी बारकी खानावळ होती, मोजकी टेबलं, दाराला लाल पडदा. चालवणाऱ्या बाई हाँगकाँगच्या, काकांच्याच वयाच्या. नवरा आचारी होता, तो गेल्यावर सगळं त्यांनीच सांभाळलं. एक मुलगी, ती बॉनला. काका दर शुक्रवारी दुपारी तिथे टोफू आणि भात खायला जात, आणि अर्थातच ज्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत ते हलत होतं.

आता बाईंचं जर्मन चांगलं खणखणीत होतं. काका सरळ जर्मनमध्ये सांगू शकले असते की बाई, टेबल हलतंय, मी ठीक करू का. पण नाही. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला हात लावायचा तर परवानगी त्याच्या भाषेत मागावी, हा त्यांचा नियम. म्हणून मग हॅम्बर्गच्या त्या कायमच्या रिपरिपीत, एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, उभ्या उभ्या, कानात तारा घालून कँटोनीज. हाँगकाँगची ती भाषा. पुटपुटणाऱ्या या माणसाच्या शेजारची सीट रिकामी राहत असे, असं ते अभिमानाने सांगत.

छांग म्हणजे टेकू देणं. थॉय-ग्योक म्हणजे टेबलाचे पाय. दोन्ही जोडून वाक्य तयार झालं: मी टेबलाच्या पायांना टेकू द्यायला आलोय. शुक्रवारी भरल्या दुकानात दारातूनच, परेडला ओरडतात तशा आवाजात, काकांनी ते म्हटलं. आतला झारा थांबला. स्वयंपाकघरात कुणी तरी फिसकन हसलं. आणि बाई तोंडावर हात धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. काकांना वाटलं, उच्चार चुकला. चुकला तर चुकला, पण बाई हसल्या ना! पुढच्या शुक्रवारी पुन्हा म्हणाले. मग तो त्यांचा रामरामच झाला. आत शिरायचं, वाक्य म्हणायचं, बाई हसायच्या, मग टोफू.

वाक्यामागून ओळख वाढली आणि बाई त्यांना एकेक शब्द शिकवू लागल्या. सोमवारी ऑफिसात तो शब्द आमच्यापर्यंत यायचा. प्रेमात पडलेली माणसं फोनवर तासन् तास बोलतात, तर ती टेलिफोनची पेज शिजवतात. कुणी धीर करून विचारलं आणि तिने नाही म्हटलं, तर त्याने लिंबू खाल्लं. वेळ ठरवून एक जण आलाच नाही, तर त्याने विमान सोडलं. आणि दोघांच्या मध्ये तिसरं कुणी कडमडलं, तर ते विजेचा बल्ब. फुकट उजेड पाडणारं.

या शब्दांनी आमच्या टीममधल्या आम्हा मराठी लोकांचं बोलणं पार बदलून टाकलं. एका सहकाऱ्याचं नुकतंच ठरलं होतं, तो जिन्यात उभा राहून फोनवर कुजबुजत असायचा. काका शेजारून जाताना नुसतं म्हणत, "पेज करपेल रे." माझी लेक, जिला मी मराठीत काहीही विचारलं तरी जर्मनमध्येच उत्तर येतं, तिने हा बल्ब मात्र उचलला. रविवारी मी आणि तिचा बाबा फिरायला निघालो की सोफ्यावरून मान न उचलता सांगते, मला बल्ब व्हायचं नाही. पाचरकाकांमुळे माझ्या पोरीला निदान एवढं तरी कळलं की आपले आई-बाप हेसुद्धा जोडपं आहे.

एक शब्द त्यांनी मला ऑफिसात नाही, बोटीवर सांगितला. दुपारच्या सुट्टीत ते बंदरातल्या फेरीबोटीवर चढत, पलीकडे जात आणि तसेच परत येत. महिन्याचा पास चालतो म्हणून. एकदा मला घेऊन गेले. एका भल्यामोठ्या मालवाहू जहाजाला बिलगून छोटी टगबोट चालली होती. काकांनी बोट दाखवलं. "पाक-थो," म्हणाले. म्हणजे जोडीनं हिंडणं, प्रेमात असणं. बाई सांगतात, शब्द मुळात बोटींचा आहे. त्यांच्याकडच्या नदीत मोठी बोट छोटीला अशी बाजूला बांधून न्यायची. "मागून ओढायचं नाही," काका म्हणाले. "बाजूला बांधून घ्यायचं. कळलं?"

मला सगळंच कळलं होतं. 'बाई सांगतात' हे म्हणताना त्यांचा आवाज कसा व्हायचा ते मी वर्षभर ऐकत होते. मी सरळ विचारलं, काका, मग तुमचं काय? ते म्हणाले, "आल्झो," म्हणजे आपलं 'तर मग', "गार वारा सुटलाय," आणि आत जाऊन बसले. टगबोट लांब जाईपर्यंत मात्र काचेतून तिच्याकडेच बघत होते.

त्या वसंतात बाईंनी त्यांना सांगितलं की मुलीला बाळ होतंय, तिची नोकरी बॉनला, जावई फिरतीवर, तर आपण दुकान बंद करून बॉनला जातोय. उन्हाळा संपला की. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा मॉनिटर पुसत होते. तोच तोच कोपरा पुसत होते. मग म्हणाले, "जायच्या आधी एकदा बोलायला हवं." काय बोलायचं ते मी विचारलं नाही. एस-बानमधलं पुटपुटणं पुन्हा सुरू झालं. नवीन वाक्य तयार होत होतं, लांबलचक असावं, कारण बरेच आठवडे झाले तरी पुरं होईना.

आणि नेमकं त्यात ते जेवण झालं. शेजारच्या टीममध्ये हाँगकाँगची एक मुलगी नव्याने लागली होती. कँटीनमध्ये ती आमच्यासमोर येऊन बसली. काकांना किती आनंद! बल्ब झाला, लिंबू झालं, ती खुदुखुदू हसत होती. मग काकांनी आपलं खास वाक्य काढलं आणि मोठ्या प्रेमाने म्हणून दाखवलं. मुलीने काटा खाली ठेवला. हे तुम्ही कुणाला म्हणता, तिने विचारलं. काका म्हणाले, खानावळीच्या मालकीणबाईंना, दर शुक्रवारी, गेली दोन वर्षं.

बिचारीने फार हळुवारपणे सांगितलं. टेबलाच्या पायांना टेकू द्यायला खरोखर कुणी जात नाही. प्रेमातली दोघं जणं, दोघंच, बाहेर जेवायला जातात, त्याला तसं म्हणतात. म्हणजे तुम्ही दर शुक्रवारी भरल्या दुकानात त्यांना सांगत होतात की मी तुमच्याबरोबर दोघंच जेवायला आलोय. प्रेमाने.

मला असं हसू फुटलं की पाणी नाकात गेलं. मग काकांकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. ते पांढरेफटक पडले होते. ट्रे उचलून, खुर्ची नीट आत सरकवून, निघून गेले.

त्या शुक्रवारी त्यांनी जागेवर बसून डबा खाल्ला. पुढच्याही. बाईंच्या दुकानाचा शेवटचा महिना चालू होता आणि हे गृहस्थ माझ्या शेजारी बसून पोळी-भाजी खात होते. मी विषय काढला की हात वर करायचे. शेवटी एकदा बोलले. "एकट्या बाई. नवरा गेलेला. गिऱ्हाइकं ऐकताहेत, आत कामाची माणसं ऐकताहेत, आणि मी बाहेरून ओरडतोय. काय समजत असतील मला? छचोर म्हातारा."

मी म्हटलं, समजायचं ते समजल्या असतील आणि तरी दोन वर्षं टोफू वाढत होत्या.

"ते गिऱ्हाईक म्हणून," काका म्हणाले. "तू लहान आहेस."

मी बेचाळीसची आहे. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तू मध्ये पडू नकोस. आमच्या लग्नाला सोळा वर्षं होत आली तरी या माणसाला अजून माझा स्वभाव कळलेला नाही. शुक्रवारी दुपारी मी काकांचा कोट खुंटीवरून काढला, त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, चला. निदान माफी मागायला तरी चला. बाईंना काही न सांगता जाणंच बंद केलंत, ते काय सभ्यपणाचं लक्षण झालं? हे मात्र बरोबर लागलं. सभ्यपणावरून बोललेलं त्यांना सोसत नसे.

दुकान निम्मं आवरलेलं होतं. भिंतीवरची चित्रं उतरवून तिथे फिकट चौकोन राहिले होते. गिऱ्हाईक एकही नव्हतं. बाई आतून आल्या. ठेंगण्या, केस आखूड कापलेले, बाह्या वर सारलेल्या. काकांना बघून थबकल्या. काका दारातच उभे राहिले. वाक्य म्हटलं नाही. बाईंनी क्षणभर वाट पाहिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून दिली. काका बसले नाहीत.

ते जर्मनमध्ये बोलले, ऑफिसात झालेल्या चुकीचा अहवाल देतात तसे. मी जे दर आठवड्याला म्हणत होतो त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. आता कळला. आपल्याला त्यामुळे जो मनस्ताप झाला असेल त्याबद्दल मी क्षमा मागतो. एवढं म्हणून हात मागे बांधून उभे राहिले.

"मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

काकांना समजेना. बाई म्हणाल्या, पहिल्या शुक्रवारी वाटलं, काय धीट माणूस आहे हा. मग तुम्ही टेबलाखाली गेलात, आणि कळलं की याला काहीच माहीत नाही.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणणं बंद केलं असतं," बाई म्हणाल्या. "आणि बघा. केलंतच."

काका फिकट चौकोनांकडे बघत होते, बाई काकांकडे. त्या दोघांच्या मध्ये मी बल्ब होते, मला पुरतं कळत होतं, पण विझायचं कसं ते कळत नव्हतं. शेवटी राहवेना. मी मराठीत म्हटलं, काका, बोला ना आता.

बाई माझ्याकडे वळल्या. काका, हे यांचं नाव आहे का, त्यांनी विचारलं. इतकी वर्षं त्या त्यांना आडनावाने, 'हेर', म्हणजे श्रीयुत, अमुकतमुक म्हणूनच हाक मारत होत्या. मी सांगितलं, नाव नाही, काका म्हणजे वडिलांचा भाऊ, आमच्यात मोठ्यांना असंच म्हणतात. बाईंनी जरा विचार केला आणि मला म्हणाल्या, मग मी ह्यांना काय म्हणायचं?

माझ्या जिभेला हाड नाही, हे आई लहानपणापासून म्हणत आलीय. मी सांगून टाकलं. आमच्यात जुन्या पद्धतीच्या बायका आपल्या माणसाचं नाव घेत नाहीत. मी घेते, आणि सासूबाईंच्या ते अजून मनात आहे. त्या 'अहो' म्हणतात. नुसतं अहो. हाक मारली की ज्याला कळायचं त्याला कळतं.

"ए, गप," काका म्हणाले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते.

बाईंनी म्हणून पाहिलं. "अ-हौ." शेवट गाण्यासारखा वर चढवत. मग स्वतःशीच हसल्या. आमच्या भाषेत, त्या म्हणाल्या, हौ म्हणजे छान. बरं. चालेल.

काकांनी हात मागून सोडले. ते लांबलचक वाक्य, इतके आठवडे घोकलेलं, ते कुठे गेलं कोण जाणे. कँटोनीजचं एक अक्षर तोंडातून आलं नाही. जर्मनच बोलले, अगदी पहिलीतल्या पोराचं जर्मन. आणि बाईंना ते कायम 'झी' म्हणत, म्हणजे आपल्याकडचं अहो-जाहो, ते सोडून एकदम 'दू'वर आले.

"मी बॉनला आलो तर?" ते म्हणाले. "भेटायला नाही. राहायला."

बाईंनी ॲप्रनला हात पुसले. एक हात पुसला, दुसरा पुसला, पुन्हा पहिला पुसला. मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या.

ते आमचं अहो होतं, की त्यांच्या भाषेतलं 'बरं, चालेल' होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. काकांनी मात्र ओ दिली.